दीर्घिका कुठल्या बाजूला फिरते?

[काळा पडदा. दहा दीर्घिकांची चित्रं, एकामागून एक. प्रत्येक चित्र चार सेकंद. कोपऱ्यात क्रमांक.]

कागद आणि पेन घेऊन बसा. पडद्यावर आता दहा दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, येतील. प्रत्येकीसमोर तीनपैकी एक उत्तर लिहायचं. घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत असेल तर ‘सुलट’. काट्यांच्या विरुद्ध फिरत असेल तर ‘उलट’. आणि भुजाच, म्हणजे मधून बाहेर वळत जाणारे ताऱ्यांचे पट्टेच, कळत नसतील, नुसता धूसर ठिपका वाटत असेल, तर ‘सांगता येत नाही’. एक खूण लक्षात ठेवा. फुगडी रंगात आली की वेण्या मागे उडतात. दीर्घिकेच्या भुजाही तशाच, फिरण्याच्या दिशेच्या मागे राहतात.

चार सेकंद कमी वाटतील, पण खरं काम असंच चालतं. चित्रं मुद्दाम अस्पष्ट निवडली आहेत, कारण फार दूरच्या दीर्घिका अशाच दिसतात. कागद टाकून देऊ नका. शेवटी लागणार आहे.

[काचेचा टीपॉय. त्यावर पातळ पारदर्शक कागद. सोऱ्यातून चकल्या पडत आहेत.]

ही माझी आत्या. तिचा हात चाळीस वर्षं असाच फिरतोय, मधून सुरू होऊन बाहेर, एकाच बाजूला. या कागदावरच्या बाराही चकल्यांचं वळण सारखं आहे. आता कॅमेरा टीपॉयच्या खाली नेऊ.

[तोच कागद, खालून.]

बाराही चकल्या उलट्या वळणाच्या झाल्या. चकलीला कुणी हात लावला नाही. फक्त आपण खाली आलो.

दीर्घिकेचं अगदी असंच आहे. एखादी दीर्घिका पृथ्वीवरून सुलट फिरताना दिसत असेल, तर तिच्या पलीकडच्या बाजूला कुणी उभं असलं तर त्याला ती उलट फिरताना दिसेल. दोघंही खरं सांगत असतील. म्हणजे ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे दीर्घिकेच्या अंगचे गुण नव्हेत. आपण कुठे उभे आहोत, त्यावर ते ठरतात.

इथे शंखाची आठवण होते. देवघरातला नेहमीचा शंख आपण वामावर्ती म्हणतो आणि दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ मानतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मात्र नेहमीचाच शंख ‘उजवा’ ठरतो, कारण शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरतात आणि आपण त्याची पन्हळ वर धरतो. तरीही शंखाचं वळण ही खरोखर शंखाची स्वतःची गोष्ट आहे. तो कसाही फिरवा, दक्षिणावर्तीचा वामावर्ती होत नाही. दीर्घिका ही साधारण चपटी चकती आहे. तिच्याबाबतीत बाजू बदलली की दिशा बदलली.

आता साधा हिशेब. विश्वात दीर्घिका वाटेल तशा विखुरलेल्या असतील, कुणाचा चेहरा आपल्याकडे, कुणाची पाठ, तर आपल्याला निम्म्या सुलट आणि निम्म्या उलट दिसायला हव्यात. नाणेफेकीसारखं. आणि तसं नसेल तर? आकाशाच्या एका भागात एकाच बाजूला फिरणाऱ्या दीर्घिका ठळकपणे जास्त निघाल्या, तर विश्वाला काहीतरी अक्ष आहे, एक खास दिशा आहे, असं मानावं लागेल. आजचं सगळं विश्वशास्त्र ज्या गृहीतकावर उभं आहे ते असं, की मोठ्या पल्ल्यावर विश्व सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखंच आहे. त्यालाच तडा जाईल. एवढा मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायची कृती काय? चित्र बघायचं आणि बटण दाबायचं.

म्हणूनच बघणाऱ्याकडेही बघावं लागतं. ही गोष्ट त्याचीच आहे.

[जुनी काचेची फोटोप्लेट. त्यावर एम १०१ दीर्घिका.]

एखादी दीर्घिका फिरताना डोळ्यांनी कुणी पाहिलेली नाही. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारतो, त्याला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. माणसाच्या आयुष्यात दीर्घिका हललेली डोळ्यांना दिसत नाही. तरीही एका माणसाला ती हलताना दिसली होती.

आड्रियान व्हान मानेन. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतले डच खगोलशास्त्रज्ञ, मोजमापात अतिशय काटेकोर म्हणून नावाजलेले. काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या एकाच दीर्घिकेच्या दोन प्लेट ते यंत्रात शेजारी ठेवत, आलटून पालटून बघत, आणि कुठला ठिपका किती सरकला ते मोजत. हे सरकणं प्लेटवर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकं. १९१६ साली त्यांनी जाहीर केलं की एम १०१ फिरते आहे आणि एका फेरीला तिला सुमारे ८५ हजार वर्षं लागतात. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आणखी सर्पिल, म्हणजे वळणदार भुजांच्या, दीर्घिका मोजल्या. प्रत्येक वेळी तेच, भुजांच्या कडेने बाहेर सरकणारे ठिपके.

ही मोजणी खरी असती, तर या दीर्घिका दूर असणं शक्यच नव्हतं. एम १०१ आपल्यापासून दोन कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे, हे आज माहीत आहे. इतक्या मोठ्या चकतीने ८५ हजार वर्षांत फेरी पुरी करायची, तर तिच्या भुजांना प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पळावं लागेल. त्या काळच्या पुष्कळांनी यातून उलटा निष्कर्ष काढला, की दीर्घिका जवळच आहेत, आपल्याच आकाशगंगेतल्या. एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनला विश्वाच्या आकारावर जो प्रसिद्ध वाद झाला, त्यात, दीर्घिका जवळच आहेत असं म्हणणाऱ्या हार्लो शॅपली यांच्या बाजूने ही मोजणी मोठा पुरावा होती. व्हान मानेन त्यांचे मित्र होते. समोर हेबर कर्टिस होते. या मोजणीवर विसंबायची त्यांची तयारी नव्हती.

एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरं मोजली आणि त्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहेत, हे सिद्ध केलं. तरीही व्हान मानेन यांची मोजणी अनेक वर्षं तशीच उभी होती. शेवटी १९३५ साली नव्या प्लेट घेऊन पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ते फिरणं नाहीसं झालं. यात फसवणूक अजिबात नव्हती. यंत्राच्या भिंगातून तासन्‌तास बघताना, प्रत्येक ठिपक्याचा मध्य ठरवताना, डोळा आणि हात किंचित एकाच बाजूला झुकत राहिले असणार. तो कल इतका छोटा होता की त्यांच्यासारख्या सावध माणसालाही जाणवला नाही. मला या गोष्टीचं वाईट वाटतं. चूक एका निष्काळजी माणसाने केली असती, तर ती एवढी वर्षं टिकली नसती.

[वर्णपट. एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल.]

दीर्घिका खरंच कशी फिरते ते कळायचा भरवशाचा मार्ग वेगळा आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्या बाजूचा लालकडे. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१४ साली ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेतून असं फिरणं ओळखलं होतं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस मोठ्या तबकड्या आहेत, त्या हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरींवरून हेच मोजू शकतात. पण एवढ्याने काम पुरं होत नाही. तिरप्या चकतीची कुठली कड आपल्या जवळची, हेही ठरवावं लागतं. ते धुळीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरवतात. अशा पुराव्यावरून हबल यांनी १९४३ साली लिहिलं की भुजा मागेच राहतात. अपवाद आहेत. एनजीसी ४६२२ नावाच्या दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा चक्क पुढे पळतात. पण असे अपवाद विरळा.

लाखो अंधूक दीर्घिकांसाठी एवढी मोजमापं कोण करणार? म्हणून भुजांच्या वळणावरून दिशा ठरवायची. आत्ता तुम्ही केलंत तसंच.

[२००७ च्या सुमाराचा संगणक. पडद्यावर एक अस्पष्ट दीर्घिका आणि बटणं.]

जुलै २००७. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटर दुर्बिणीने, म्हणजे स्लोन सर्वेक्षणाने, जवळजवळ नऊ लाख दीर्घिकांची चित्रं गोळा केली होती. ती बघणार कोण? ऑक्सफर्डच्या केविन शॅविन्स्की यांनी त्यातल्या पन्नास हजार एका आठवड्यात एकट्याने बघितल्या होत्या. मग त्यांनी आणि ख्रिस लिंटॉट यांनी सहकाऱ्यांसह ठरवलं, हे काम सगळ्या जगासमोर ठेवू. ‘गॅलॅक्सी झू’ सुरू झालं. चोवीस तासांच्या आत ताशी जवळजवळ ७० हजार उत्तरं येऊ लागली. पहिल्या वर्षात दीड लाखांवर लोकांनी पाच कोटींहून अधिक उत्तरं दिली. शिक्षक, निवृत्त माणसं, विद्यार्थी, रात्रपाळीवरून आलेले लोक. फुकट, आवडीने.

त्या बटणांत दोन बटणं आपल्या कामाची होती, सुलट सर्पिल आणि उलट सर्पिल. आकडे बघितले, तर उलट जास्त भरल्या. फरक थोडा, पण एवढ्या मोठ्या संख्येत तो योगायोग म्हणून सोडून देता येईना. त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातले मायकल लाँगो असा दावा करत होते की विश्वालाच डावं-उजवं आहे. पुढे २०११ साली त्यांनी १५,१५८ सर्पिलांच्या आधारे तो पुन्हा मांडला. म्हणजे लाखो हौशी डोळ्यांनी एका फार मोठ्या शोधाला दुजोरा दिला, असं जाहीर करायची संधी समोर होती.

गॅलॅक्सी झूच्या चमूने जाहीर केलं नाही. त्यांनी चित्रं आरशात धरली.

[पडद्यावरची दीर्घिका डावी-उजवी उलटते.]

हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. काही दीर्घिकांची चित्रं निवडली. काही काळी-पांढरी केली, काही आरशातल्यासारखी उलटवली. आणि तीच बटणं देऊन पुन्हा लोकांसमोर ठेवली.

आता काय व्हायला हवं? आकाशात खरोखरच उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त असतील, तर उलटवलेल्या चित्रांत सुलट जास्त भरायला हव्यात. चित्र उलटलं की जादा माल दुसऱ्या पारड्यात जायला हवा.

गेला नाही. उलटवलेल्या चित्रांतही लोकांना उलट दीर्घिकाच जास्त दिसल्या. चित्र पालटलं, पण कल पालटला नाही. म्हणजे तो कल चित्रात नव्हता, पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसांत होता. २००८ साली केट लँड आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३७ हजार सर्पिलांचा हिशेब मांडला. हा कल वजा केल्यावर डावं-उजवं काही उरलं नाही.

[दोन टोपल्या. तिसरी, बाजूला ठेवलेली.]

मी बरीच वर्षं हे असं समजत होतो की लोक सुलट दीर्घिकेला चुकून उलट म्हणत असतील. सोपं स्पष्टीकरण, आणि चुकीचं. खरं काय घडलं ते २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या वेन हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबू.

दीर्घिका अंधूक आहे. भुजा आहेत की नाहीत, तेच धड कळत नाही. बघणाऱ्याचं बोट घुटमळतं. ही सर्पिल, की नुसता लंबवर्तुळाकार गोळा? दिशेचा प्रश्न इथे आलेलाच नाही, त्याच्या आधीच निवड होते. आणि नेमकी इथेच गंमत होते. वळण इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं असेल, म्हणजे आपल्या भाषेत उलट, तर माणसाला त्या धुरकट ठिपक्यात सर्पिल जास्त सहज दिसते. तेवढंच अस्पष्ट वळण ‘झेड’सारखं असेल, तर तो ‘सर्पिल नाही’ म्हणून पुढे जातो. ‘उलट’च्या खात्यात जमा झालेली जादा मतं ‘सुलट’च्या खात्यातून आलेली नव्हती. ती लंबवर्तुळाकार आणि कडेवरून दिसणाऱ्या दीर्घिकांच्या खात्यांतून आली होती.

मग हेज यांनी सर्पिल कुठली ते निवडायचं काम माणसाकडून काढून घेतलं आणि अशा यंत्राला दिलं, ज्याला आरशातलं चित्र आणि मूळ चित्र सारखंच. निवड यंत्राने केली. त्यानंतर दिशा पुन्हा माणसांच्याच मतांवरून घेतली, तरी ‘उलट’ची जादा संख्या नाहीशी झाली. निम्म्या-निम्म्या. चोख नाणेफेक.

म्हणजे माणसं दिशा ओळखण्यात नव्हे, तर यादीत कुणाला घ्यायचं ते ठरवण्यात झुकली होती. यादी एकदा वाकडी झाली, की पुढचा सगळा हिशेब कितीही चोख करा, उत्तर वाकडंच येणार.

[यादी. काही ओळी एकसारख्या.]

मग सगळंच यंत्रावर सोडलं तर? कॅन्सस स्टेट विद्यापीठातले लिओर शमीर यांनी दीर्घिकांची दिशा आपोआप ओळखणारी प्रणाली बनवली आणि लाखभराहून मोठ्या याद्या तपासल्या. त्यांच्या मते दोन दिशांत खरा फरक आहे. जपानच्या राष्ट्रीय खगोलीय वेधशाळेतले मासानोरी इये आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली शमीर यांनी प्रसिद्ध केलेल्या एका यादीची पुन्हा तपासणी केली. कल दिसत होता, आणि चांगला ठळक. पण यादीत दुबार नावं निघाली. मतदारयादीत एकच माणूस दोन-तीनदा असावा, तशी एकच दीर्घिका पुन्हा पुन्हा नोंदलेली. दुबार नावं काढली, तेव्हा यादी मूळच्या ४५ टक्क्यांवर आली. आणि तो कल, जो आधी योगायोगाच्या मापाच्या चौपट होता, तो ०.२९ पट उरला. म्हणजे काहीच नाही.

दुबार नावांनी एवढा फरक का पडावा? शंभर वेळा नाणं उडवा. छाप ५६ वेळा आली, तर कुणी भुवई उंचावत नाही. आता त्याच शंभर नोंदींच्या चार प्रती काढा आणि चारशे नाणेफेकी म्हणून दाखवा. ४०० पैकी २२४ छाप. लगेच नाण्यावर संशय येईल. नाण्याने काहीच केलेलं नाही, झेरॉक्सने केलं.

शमीर यांना ही टीका मान्य नाही, आणि त्यांनी तिला उत्तरं दिली आहेत. २०२४ साली पटेल आणि डेसमंड यांनी उपलब्ध असलेल्या सगळ्या उघड्या याद्या एकत्र घेऊन दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासल्या. त्यांना खास दिशा सापडली नाही.

[वेब दुर्बिणीचं खोल आकाशाचं चित्र.]

२०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा बातमी आली, आणि या वेळी मथळे मोठे होते. वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या आकाशाच्या एका छोट्याशा तुकड्यात, फार प्राचीन दीर्घिकांमध्ये, शमीर यांना २६३ दीर्घिकांची दिशा ठरवता आली. १५८ एका बाजूला, १०५ दुसऱ्या. २६३ नाणी उडवली, तर इतका किंवा याहून मोठा फरक हजारात एखाद वेळी पडेल. म्हणजे ‘योगायोग’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

बातम्यांनी त्यातलं एकच उचललं, की विश्व एखाद्या कृष्णविवरात जन्मलं असेल आणि म्हणून फिरत असेल. शमीर यांनी स्वतः आणखी एक शक्यता मांडली होती. आपली आकाशगंगाही फिरते. तिच्या विरुद्ध फिरणाऱ्या दीर्घिका त्यामुळे किंचित जास्त तेजस्वी दिसत असतील आणि म्हणून जास्त नजरेत येत असतील. ही मला पहिलीपेक्षा जवळची वाटते, कारण निदान ती बघणाऱ्याच्या जागेबद्दल बोलते. पण आकडा मांडून बघा. सूर्य सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने केंद्राभोवती फिरतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एवढ्या गतीने तेजात पडणारा फरक एका टक्क्याच्याही आत राहतो. एका टक्क्याहून कमी तेजाने १०५ आणि १५८ एवढी दरी पडेल, हे पटायला कठीण आहे.

मला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या तुकड्यात दीर्घिका हजारो आहेत. त्यातल्या २६३ यादीत आल्या, बाकीच्या ‘सांगता येत नाही’मध्ये गेल्या. त्या बाकीच्यांत कोण होतं?

[चिलीतला डोंगरमाथा. रुबिन वेधशाळा.]

चिलीच्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात अब्जावधी दीर्घिका टिपल्या जाणार आहेत. त्या माणूस बघणार नाही, बघूच शकणार नाही. बघतील यंत्रं, आणि यंत्रं शिकतात ती माणसांनी खुणा केलेल्या चित्रांवरून. म्हणून शिकवणीच्या चित्रांत प्रत्येक दीर्घिका दोनदा घालायची, एकदा सरळ, एकदा आरशातली. खर्च जवळजवळ शून्य.

[सुरुवातीच्या दहा चित्रांपैकी दोन, शेजारी शेजारी.]

आता तो कागद काढा. तिसरं चित्र आणि आठवं चित्र एकच दीर्घिका आहे. आठव्यात आम्ही ती आरशात उलटवली होती. तिसऱ्यासमोर ‘उलट’ लिहिलं असेल, तर आठव्यासमोर ‘सुलट’ असायला हवं.

पाचवं आणि दहावं चित्रही तसंच, एकाच दीर्घिकेचं. ही दहांतली सर्वांत अंधूक. त्यातल्या एका चित्रासमोर दिशा लिहिली गेली आहे, आणि दुसऱ्यासमोर ‘सांगता येत नाही’, असं तुमच्या कागदावर झालं आहे का, ते बघा.